कॉम्प्युटरचा डबा कुठं हाय?

"कॉम्प्युटर मी बघतो," असं मी म्हणालो आणि तिथेच फसलो.

खरं म्हणजे मला कोणी विचारलंच नव्हतं. आमची रंभा पुण्याला भावेशशी, म्हणजे आमच्या मुलाशी, फोनवर बोलत होती. तो तिला सांगत होता, "मम्मी, साधा बेसिक घेऊ. मी इथून ऑर्डर करतो, घरपोच येईल." मी सोफ्यावर आडवा होतो. तसाच पडून राहिलो असतो तर आज ही कथा लिहायची वेळ आली नसती. पण घरात एवढी मोठी खरेदी होतेय आणि घरचा कर्ता उताणा पडलाय, हे मला बघवेना. मी उठून बसलो.

"ऑनलाइन? वस्तू हात लावून बघितल्याशिवाय?"

"बाबा," फोनमधून भावेश म्हणाला, "हात लावून काय कळणार? पापलेट आहे का ते, कल्ले उघडून बघायला?"

"तू मला शिकवू नकोस. माझी अख्खी नोकरी कॉम्प्युटरसमोर गेली आहे."

यात खोटं काही नव्हतं. न्हावा-शेव्याच्या एका क्लिअरिंग एजंटाच्या ऑफिसात मी कारकून होतो आणि कॉम्प्युटर माझ्याच टेबलावर होता. (तो चालवायचा अविनाश. तो खुर्ची सरकवत माझ्या बाजूला यायचा, काम करायचा आणि परत जायचा. मी शिक्के मारायचो.) माझा खरा घरोबा होता तो टेबलाखालच्या काळ्या डब्याशी. ऑफिसातला एसी नेमका माझ्या गुडघ्यांवर यायचा आणि तो डबा दिवसभर उबदार असायचा. निवृत्त होईपर्यंत मी त्याच्यावर पाय ठेवून बसलो. कॉम्प्युटर म्हणजे तो डबा, वरचा पडदा नुसता शोभेचा, ही माझी पक्की समजूत होती.

आता रंभाला या वयात कॉम्प्युटर कशाला, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. (एकदाच.) रंभाची आई गुणाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गव्हाणच्या नावाजलेल्या धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणतात; ते म्हणणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. हल्ली लग्नात डीजे आला आणि सासूबाईंना बोलावणारे कमी झाले. त्यांना सगळे धवले तोंडपाठ. लिहिलेलं एक अक्षर नाही. रंभाने ठरवलं, आईचे सगळे धवले रेकॉर्ड करायचे आणि बसून टाइप करायचे. तिने मोबाइल समोर धरला. म्हातारी डोळे मिटून अशी काही रंगली, की शेजारचे दार उघडून उभे राहिले. आणि अगदी शेवटाला मोबाइलने सांगितलं, जागा संपली. रेकॉर्ड झालेलं काहीच उरलं नव्हतं.

"आई, परत म्हण ना तोच," रंभा म्हणाली.

"आता तो कुठला येतो? तो जेला," म्हातारी म्हणाली. "येल तवा येल."

त्या रात्री रंभा जेवली नाही. म्हणून कॉम्प्युटर. आणि म्हणून मी.

दुसऱ्याच दिवशी रिक्षा करून विचुंब्याहून पनवेलला गेलो. लाइन आळीच्या तोंडाशी शैलेश नावाच्या गृहस्थांचं दुकान आहे. आत शिरताना मी एक ठरवलं होतं: आपल्याला काही कळत नाही हे कळू द्यायचं नाही. भडकलो की मी हाय-नाय बोलतो, पण इथे कडक इस्त्रीचं आहे-नाही.

"बोला सर. युज काय आहे?" शैलेशने विचारलं.

"घरगुती."

"ओके. रॅम किती देऊ?"

"साधारण किती नेतात लोक?"

"आठ नेतात, सोळा नेतात."

"आठ कशाला? घरात माणसं दोनच."

तो हसला. मीही हसलो. (तो विनोद होता असं त्याला वाटलं, आणि मी तसं वाटू दिलं.)

"हार्ड डिस्क चालेल की एसएसडी?"

"हार्ड नको. बायकोला चालवायचं आहे. जरा सॉफ्टमध्ये दाखवा."

"प्रोसेसर कुठल्या जनरेशनचा बघताय?"

"आमचीच जनरेशन. साठीच्या आसपासची."

शैलेशने माझ्याकडे जरा वेळ टक लावून पाहिलं. डॉक्टर रिपोर्ट वाचून पाहतात तसं. मग हळू आवाजात म्हणाला, "सर, माझं ऐका. तुम्ही सरळ ऑल-इन-वन घ्या. सगळं एकातच येतं. काही कटकट नाही."

मला माणूस आवडला. ऑल-इन-वन म्हणजे काय हे मला लगेच समजलं: फिटिंग, वायरी, गॅरंटी, पिशवी, सगळं एकाच बिलात. नंतर वर काही मागणार नाहीत. मी पांढऱ्या रंगाचा पसंत केला. (खिडकीच्या पडद्यांना मॅचिंग. एवढा एक निर्णय मी पूर्ण माहितीनिशी घेतला.) "उद्या माणूस पाठवू का लावायला?" असं त्याने विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "छे! घरचंच काम आहे." आणि खोका मांडीवर घेऊन रिक्षात बसलो. खोक्यामुळे मला रस्ता दिसत नव्हता. रस्त्यावरच्या लोकांना मात्र खोका दिसत होता, हे महत्त्वाचं.

घरी दरबार भरला होता. माझा मेहुणा शिवा सासूबाईंना गव्हाणहून सोडायला आला होता. शिवा म्हणजे आडवातिडवा माणूस, गळ्यात चेन, खाली काळी गाडी. गावात भांडण झालं की मिटवायला त्याला बोलावतात. (भांडण नसलं तरी तो जातो.) सगळ्यांसमोर मी खोका फोडला. पडदा निघाला, कीबोर्ड निघाला, माउस निघाला, वायर निघाली, एक पातळ पुस्तिका निघाली. मग थर्माकोल निघालं. मग काही निघेना.

शिवाने खोका उलटा करून झटकला.

"भावजी, डबा कुठं हाय?"

माझ्या पायांना एकदम गार लागलं.

"असेल ना. बघ नीट."

"काय बघू? त्यानी तुमाला नुसती काच दिली."

"मंजे टीवीच दिलान की," सासूबाई म्हणाल्या. "टीवी तर घरान हाय."

"अहो, ही पुस्तिका तरी वाचूया," रंभा म्हणाली.

"पुस्तिकेत काय छापलं असेल? 'डबा आम्ही ठेवून घेतला'?"

"मग दुकानात फोन करून विचारा."

"फोन?" शिवा उभा राहिला. "ताय, अशी कामं फोनवर व्हत नाय. भावजी, चला."

मला खरं म्हणजे फोनच करायचा होता. पण शिवा एकदा उभा राहिला की त्याच्या बाजूला बसून राहता येत नाही.

"मी तोवर वायर लावून बघते," रंभा म्हणाली.

"हात लावू नकोस!" मी दारातून ओरडलो. "डब्याशिवाय करंट दिलास तर सगळा पडद्यात घुसेल!" (हे मी कुठून काढलं, मला आजही माहीत नाही.)

काळी गाडी दुकानाच्या दारातच आडवी लागली. आत गिऱ्हाइकं होती. शिवा आत शिरला आणि दुकान लहान झालं.

"आमचा डबा द्या," तो म्हणाला.

शैलेशने मला ओळखलं. "या सर! डबा? अहो, डबा तर दिला ना सोबत. पुठ्ठ्याचा. थर्माकोलसकट."

"तो नाय. पायाखालचा."

"पायाखालचा?"

"भावजी पाय ठेवतान, तो!"

गिऱ्हाइकांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मी पुढे झालो. "हे बघा शैलेश, मी सज्जन माणूस आहे. सीपीयू कुठे आहे?"

"सीपीयू? आतच आहे की."

"आत आहे ना? मग आणा बाहेर!"

"बाहेर कसा आणू सर? तो आतच राहतो."

"ऐकलं?" शिवा गिऱ्हाइकांकडे वळला. "कबूल केलं. डबा आत हाय, पन देनार नाय!"

"अहो दुकानाच्या आत नाही! पडद्याच्या आत! त्यालाच ऑल-इन-वन म्हणतात!"

"मला शिकवतोस?" माझी इस्त्री उतरली. "अख्खी नोकरी मी डब्यावर काढली हाय! येवढा डबा त्या काचेत कसा मावंल? मला काय येडा समजतोस काय?"

या प्रश्नाचं उत्तर शैलेश देणार, तेवढ्यात माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. मी घाईत कुठलं तरी बटण दाबलं आणि रंभाचा आवाज दुकानभर झाला.

"अहो! दिसतेय का मी?"

दिसत होती. मोठी, स्वच्छ, मागे आमचे पडदे, पडद्यांपुढे सासूबाई.

"कॉम्प्युटर चालू झाला! त्याच्यावरूनच बोलतेय. भावेशने फोनवर सांगितलं, मी दाबत गेले. काही कठीण नाही हो."

"डब्याशिवाय?" मी विचारलं. माझा आवाज माझा मलाच ऐकू आला नाही.

"डबा आतच असतो. पुस्तिकेत पहिल्याच पानावर चित्र आहे. तुम्ही दुकानात काही बोलला नाहीत ना अजून?"

एक बाई हेडफोनच्या खोक्याआड तोंड लपवून हसत होत्या. मागून सासूबाई पुढे सरकल्या, पडद्याजवळ डोळे आणले आणि म्हणाल्या, "आगो, जावयाचा नुसता कपाल दिसतंय. तोंड कुठं हाय?"

तोंड दाखवण्यासारखं राहिलं नव्हतं. मी फोन खिशात घातला. (कॉल चालूच होता, पुढचं सगळं घरी ऐकू गेलं.)

आता मी काय म्हणावं याचा विचार करत असताना शिवाने मला वाचवलं. निदान प्रयत्न केला. तो मघापासून शैलेशकडे पाहत होता, पण नजर बदलली होती.

"मंजे सगला आत?" त्याने विचारलं.

"सगळा आत," शैलेश म्हणाला.

"आनि डब्याचा वेगला पन भेटतो?"

"मिळतो ना. मोठा. लाइटवाला पण आहे."

"मंग मला तो द्या. भावजींसारका नको. घरान चार मानसं येतान, त्यांना डबा दिसाय पायजे."

अशा रीतीने आम्ही भांडायला गेलो आणि दुसरा कॉम्प्युटर घेऊन निघालो. शैलेश इतका खूश झाला, की त्याने चहा मागवला, शिवाला स्पीकर भेट दिले आणि मला माउसखाली ठेवायची एक रबरी चटई दिली. देताना म्हणाला, "सर, ही वेगळी आहे. ही आत नसते."

घरी परतलो तेव्हा दारातूनच रंभाने ओठांवर बोट ठेवलं. सासूबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या, डोळे मिटलेले. गात होत्या. ऐकता ऐकता मला कळलं, हा तोच धवला. मोबाइलमध्ये न उरलेला. आपल्या आपण परत आला होता. मी चटई छातीशी धरून, एका पायातली चप्पल काढून आणि दुसऱ्यातली तशीच ठेवून उभा राहिलो. शिवासुद्धा भिंतीला टेकून गप्प उभा होता. मी त्याला असं गप्प कधी पाहिलं नव्हतं. गाणं संपलं. रंभाने एक बटण दाबलं, परत दाबलं, आणि पडद्यामधून म्हातारीचा आवाज यायला लागला.

सासूबाईंनी डोळे उघडले. आपलाच आवाज त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "बाय बरी गाते." रंभा हसली आणि रडली, दोन्ही एकदम. (मी बोलायला गेलो तर रंभाने मला परत बोट दाखवलं.)

सकाळी उठलो तो ठरवूनच. झालं ते झालं. आता आपणही शिकायचं. चहाच्या आधीच कॉम्प्युटरसमोर बसलो आणि बटण दाबलं. बरोबर बटण दाबलं, हे इथे नमूद करतो. पडद्यावर दोन गोल आले. एकाखाली लिहिलं होतं 'रंभा'. दुसऱ्याखाली 'पाहुणे'.

मला वाईट वाटलं. सासूबाईंसमोरच मी रंभाला स्वयंपाकघरातून बोलावलं. "अगं, हे बरं दिसतं का? स्वतःच्या आईला कोणी पाहुणे म्हणतं?"

"आईला कोण म्हणतंय? आईचं सगळं माझ्या खात्यात आहे," हात पुसत रंभा म्हणाली. "ते तुमचं आहे. भावेश म्हणाला, बाबा काहीही दाबतील, त्यांना वेगळं बसव. तिथून काही पुसलं जात नाही, काही बदलता येत नाही. तुम्ही आपले बिनधास्त खेळा."

मी पडद्याकडे पाहिलं. पडद्याने माझ्याकडे पाहिलं. मागे माझ्याच आरामखुर्चीत मांडी घालून बसलेल्या सासूबाई मनापासून म्हणाल्या, "बसा पावनं, बसा. च्या घेनार काय?"