बाबल हवालदाराचं अपील

आमच्या आचऱ्यातल्या वाडीत सकाळी कोंबडा आरवला की नाही याकडे कुणाचं लक्ष नसे. लक्ष असे ते बाबल हवालदाराच्या लघवीकडे! शिव शिव, लिहितानाही कसंतरीच होतं. पण आता खरं ते सांगायलाच हवं. अंगणात ऊन आलं की हा गृहस्थ स्पिरिटचा दिवा पेटवायचा, काचेच्या नळीतल्या निळ्या औषधात स्वतःच्या लघवीचे थेंब टाकून ते उकळायचा, नळी उजेडाकडे धरायचा आणि टाचेला टाच जुळवून साऱ्या वाडीला ऐकू जाईल असा ओरडायचा, "हिरवो!"

औषध निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी आहे, पिवळं झालं तर बरीच, आणि विटेसारखं लाल झालं म्हणजे त्या दिवशी बाबलला कुणी गुळाचा खडाही दाखवायचा नाही. हे सगळं वाडीतल्या बायाबापड्यांनासुद्धा पाठ होतं. कुंपणापलीकडे मी राहत असल्यामुळे ती आरोळी आधी माझ्या कानात शिरायची, तीसुद्धा मी पूजेला बसलेला असताना.

"अरे, हळू सांग की!" मी एकदा वैतागून म्हटलं. "लाल झालं तर गपचूप घरात जा. गावाला काय पडलंय?"

"गुरुजी, रिपोट म्हंजे रिपोट," तो छाती पुढे काढून म्हणाला. "बरो असो नायतर वायट, मोठ्यान देवचो."

खोटं बोलणं या माणसाला जमतच नसे. कुणी घरी बनवलेली आमटी वाढून "कशी झाली?" म्हणून विचारलं, तर "खारट" असं सांगून मोकळा. त्यामुळे त्याला जेवायला बोलावणारी घरं हळूहळू कमी झाली. लग्नही असंच मोडलं म्हणतात. मुलीच्या बापाने प्रकृती विचारली आणि यानं ती सविस्तर सांगितली.

लढाईत तो ब्रह्मदेशाच्या जंगलात होता. तिथेच तहान लागायला लागली, अंग सुकत गेलं. बुटातल्या जखमेनं पायाचं एक बोट खाल्लं आणि शेवटी मधुमेहाचा शिक्का मारून पलटणीनं त्याला घरी पाठवलं. चालताना थोडा लंगडायचा, पण लंगडायचा तोसुद्धा लेफ्ट-राइटच्या ठेक्यात. आंगणेवाडीच्या जत्रेला आम्ही बरोबर जायचो. तिथे खाज्याच्या दुकानासमोर तो सावधान उभा राहायचा, थोडा खाजा विकत घ्यायचा, डोळे मिटून वास घ्यायचा आणि पुडा माझ्या हातात ठेवायचा. मी खायचो आणि तो माझ्या तोंडाकडे बघायचा.

"आल्याचो सवाद लागता?"

"लागतो."

"गूळ बरो आसा?"

"आहे."

"मगे झाला तर," असं म्हणून खूश होऊन पुढे चालू लागायचा. माझंच पोट बिघडायचं!

आजारपणाच्या पेन्शनसाठी त्यानं अर्ज केला होता. त्याचं उत्तर आलं ते इंग्रजीत, म्हणून मला, शाळेतल्या मास्तरला, बोलावणं आलं. बाबलच्या ओटीवर बसून मी ते वाचलं आणि मराठीत सांगितलं. अर्ज नामंजूर. हा आजार रक्तातून, घराण्यातून आलेला आहे, लष्करी नोकरीशी त्याचा संबंध नाही.

दारात त्याची म्हातारी आई केरसुणीसाठी झावळीचे हीर सोलत बसली होती. तिचे हात थांबले.

"रगतातसून म्हंजे खंयसून, गुरुजी?"

"काय नाय गो, आये. तू तुजा काम कर," बाबल घाईघाईनं म्हणाला.

पण म्हातारीला समजायचं ते समजलं होतं. "माज्या भावाक ह्याच होता," ती म्हणाली. "पाय कुसान मेलो तो. म्हंजे माज्याकडसून इला. मीच दिलंय तुका, झिला."

त्या दिवसापासून म्हातारी खचली. बाबल लंगडत समोरून गेला की तोंड फिरवायची. चार घास खाऊन उठायची. बाबलनं पुष्कळ समजूत घातली, पण सरकारी कागदापुढे मुलाचं कोण ऐकतो? शेवटी तो माझ्याकडे आला आणि उभ्यानंच बोलला, "गुरुजी, अपील करूचा आसा. पैशे नाय दिल्यानी तरी चलात. पण ह्यो रोग आवशीच्या नावार नको. ह्या मनात घेवन मरात ती."

मी त्याच दिवशी अपील लिहायला बसलो.

बऱ्याच महिन्यांनी घाटावरच्या लष्करी इस्पितळात डॉक्टरांपुढे हजर होण्याचा हुकूम आला. दुभाषा म्हणून मी बरोबर. एसटीत सगळा घाट चढेपर्यंत मी त्याला पढवत होतो, "हे बघ, मामाचं नाव काढायचं नाही. विचारतील तेवढंच बोल, थोडक्यात बोल."

"येस सर," तो म्हणाला.

आत गेलो. तीन डॉक्टर मेजापलीकडे बसलेले. मधल्या मिशीवाल्या मेजरनं हिंदीत विचारलं, काय म्हणणं आहे? बाबलनं पिशवीतून नारळ आणि विडा काढला, मेजरसाहेबांच्या कागदांवर ठेवला, हात जोडले, डोळे मिटले आणि देवळात घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं सुरू केलं!

"बा म्हाराजा! आज ह्यो बाबल तुज्या दारार उभो आसा. पलटणीत गेलो तेवा धडधाकट होतो, म्हाराजा. जा काय वाकडा लिवला गेला आसात ता सरळ कर, आणि ह्या लेकराची लाज राख रे म्हाराजा!"

आणि माझ्या तोंडून, गाऱ्हाण्याला साथ द्यायची जन्माची सवय, मोठ्यानं निघून गेलं, "व्हय म्हाराजा!"

दारावरचा शिपाई दचकून आत आला. एका डॉक्टरला वाटलं, नारळ लाच म्हणून दिलाय. मी घाम पुसत सांगितलं की साहेब, आमच्याकडे सगळ्यात वरच्या कोर्टात अपील असंच करतात. मेजरसाहेब हसले, नारळ बाजूला ठेवला आणि मग नेमकं तेच विचारलं. घरात आणखी कुणाला हा आजार होता?

मी बाबलकडे डोळे वटारले. तो ताठ उभा राहिला. "होतो, साब. मामाक होतो."

मी कपाळावर हात मारला. परतीच्या गाडीत मी त्याला नाही नाही ते बोललो. त्यानं ऐकून घेतलं. "साहेब वर्दीत होतो, गुरुजी," एवढंच म्हणाला. "वर्दीक खोटा कसा सांगू?"

आता काही खरं नाही असंच मी धरून चाललो होतो. पण एके दिवशी बाबल लिफाफा घेऊन थेट शाळेत आला. मी व्हरांड्यात उभा राहून वाचलं. पेन्शन मंजूर! लढाईतल्या हालांमुळे आणि वेळेवर उपचार न मिळाल्यामुळे आजार बळावला, असं स्पष्ट लिहिलं होतं. मी तर मुलांदेखत त्याला मिठीच मारली.

"आणि रगताचा काय म्हणतत?" त्यानं विचारलं.

मी पुन्हा बघितलं. "आजार घराण्यातलाच म्हणतात. नोकरीनं तो वाढला, एवढंच."

बाबलनं कागदाची घडी करून खिशात घातली. आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. म्हातारी चुलीपाशी होती. तो तिच्याजवळ उकिडवा बसला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "आये, कागद इलो. सरकारान कबूल केल्यान. रोग लढायेन दिलो. तुज्या रगताचो काय एक संबंध नाय, असा लिवलेला आसा."

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. "खरा, गुरुजी?"

"अगदी खरं," मी म्हणालो.

आणि म्हातारी जी सुटली! "जळली मेली ती लढाय! मेल्यांनी माज्या झिलाची काय दशा करून टाकल्यानी!" रडत होती, शिव्या देत होती, आणि बाबलचा तो पाय दोन्ही हातांनी कुरवाळत होती. मग डोळे पुसून तिनं मला जेवायला बसवलं.

त्या दिवशी म्हातारीनं भात दुसऱ्यांदा मागून घेतला. वाढत होता बाबल, पण काही केल्या तो माझ्याकडे बघत नव्हता.