बाबांचं बोट

निवड स्पर्धा रविवारवर येऊन ठेपली तेव्हा फिजिओथेरपिस्ट बाईंनी खारूला सांगितलं, "हा आठवडा बोटांना जप." खारूनं ते ऐकून सोडून दिलं. तिच्या वडिलांनी मात्र मनावर घेतलं, आणि घोळ तिथेच झाला.

लहानपणी कपाटावर जाऊन बसायची म्हणून तिचं नाव खारू. आता चढाईच्या भिंतीवर जिथे इतरांचं नखही टिकत नसे, तिथे ती चार बोटांवर अख्खी लोंबकळायची. दोनदा हुकलेली संघातली जागा यंदा तिला मिळणार, हे बाबा भेटेल त्याला सांगत सुटले होते. ते विमा कंपनीत धोके तपासायच्या कामावर होते. कारखान्यात शिरले की त्यांना यंत्रं दिसतच नसत, यंत्रात अडकू शकणारे हात दिसत.

सोमवारपासून खारूला घरात काही उचलायची बंदी झाली. दप्तर बाबा उचलणार, दाराची कडी बाबा काढणार, बरणीचं झाकण बाबा उघडणार.

"अहो, चमचा तरी उचलू द्या तिला," आई म्हणाली.

"चमच्यालाही वजन असतं."

"मग सलाईन लावू का पोरीला?"

खारूच्या खोलीच्या चौकटीवर लटकण्याच्या सरावासाठी एक लाकडी पट्टी ठोकलेली होती. मंगळवारी सकाळी बाबांना ती जराशी कलल्यासारखी वाटली. पोर लटकली आणि निखळली तर? तपासणं हा तर त्यांचा धंदाच. ऑफिसचे बूट घालून, टाय लावून बाबा बोटांच्या टोकांवर लटकले. पट्टी जागची हलली नाही. बोटातून मात्र काडी मोडल्यासारखा आवाज आला.

पोरीला कळलं तर तिचं लक्ष उडेल, म्हणून बाबांनी हात खिशात घातला तो घातलाच. पण मग झाकण कोण उघडणार?

"आज ब्रेड कोरडाच?" आईनं विचारलं.

"जॅममध्ये साखर फार असते."

सदऱ्याची बटणं वरखाली लागली, बुटाच्या नाड्या लोंबत राहिल्या. शेवटी भुकेपोटी बाबा बरणी गुडघ्यांत धरून झाकणाशी झटापट करत असताना खारू आत आली.

"बाबा, हात काढ खिशातून."

बोट गाजराएवढं झालं होतं.

"ड्रॉवरमध्ये सापडलं गं."

"ड्रॉवरनं असं सुजत नाही. लटकलास ना? वॉर्म-अप केलास आधी?"

"चहा घेणार होतो," बाबा पुटपुटले.

झालं, सगळा कारभार उलटला. बरणी खारू उघडू लागली, बाबांची बटणं खारू लावू लागली, त्यांची बॅगही तीच उचलू लागली. प्रत्येक कामाला बाबांचा जीव खालीवर व्हायचा. "सावकाश. मनगट सरळ ठेव," असं ते नाडी बांधून घेता घेता सांगत.

शुक्रवारी तिनं त्यांना ओढतच बाईंकडे नेलं. बाबा मान खाली घालून बसले. "बाई, माझ्यापायी तिचा आराम गेला. आता जागाही गेली तर मी तिला तोंड कसं दाखवू?"

"आराम कोणी सांगितला होता? जपायला सांगितलं होतं," बाई त्यांची दोन बोटं एकत्र बांधत म्हणाल्या. "आठवडाभर नुसती बसली असती तर बोटं आखडली असती. हलकी कामं हवीच होती. आराम तुम्ही करा."

रविवारी खारू भिंतीच्या अगदी वरच्या खाचेपर्यंत पोचली. बाबांना टाळ्या वाजवता येईनात, म्हणून ते चांगल्या हातानं शेजारच्या अनोळखी गृहस्थांची पाठ बडवत राहिले. "माझी मुलगी आहे ती," ते सांगत होते.

स्पर्धेनंतर प्रशिक्षकांनी हा सगळा किस्सा ऐकला आणि बोटाचा फोटोच मागून घेतला. पुढच्या आठवड्यात तो चढाईच्या हॉलच्या दारात लागला, हातभर मोठा, आणि खाली ओळ: 'अंग गरम न करता लटकू नका.' बाबा शरमले. फोटो काढून टाका म्हणून सांगायला ते तिथे गेले, तर खारू नव्या मुलांना घेऊन फोटोपुढे उभी होती.

"हे माझ्या बाबांचं बोट."

"ते पण चढतात?" एका मुलीनं विचारलं.

"छे. पट्टी माझं वजन पेलेल का, ते त्यांनी आधी स्वतः लटकून बघितलं."

संघाचा गणवेश घालतानाही तिची मान इतकी ताठ झाली नव्हती. बाबा दारातूनच मागे फिरले, आणि दुसऱ्या दिवशी फोटो दाखवायला अख्खं ऑफिस घेऊन आले.