सासूबाईंची उसनी दुखणी

नोकरी गेली त्या संध्याकाळी मी घरात शिरलो तोच मुळी छाती पुढे काढून! आमच्या घरात रडण्याची साथ फार पटकन पसरते. मी तोंड पाडलं की बायको रडते, बायको रडली की सासूबाई डोळे पुसायला लागतात, आणि त्या दोघी रडल्या की आमची टिटवी कारण न विचारता दोघींच्या वरताण सूर लावते. टिटवी म्हणजे आमची मुलगी. ऐकलेलं सगळं ती वरच्या पट्टीत पुन्हा सांगते, म्हणून हे नाव. तर बुटांच्या नाड्या सोडता सोडताच मी जाहीर केलं, "नोकरी गेली. कुणी घाबरायचं नाही. माझ्याकडे योजना तयार आहे!"

योजना कसली डोंबलाची! सगळं उसनं अवसान होतं. पण नियोजन हाच माझा धंदा होता, हे मात्र खरं. लिफ्टदुरुस्तीच्या एका कंपनीत मी वेळापत्रकं लावायचो. कुठल्या इमारतीत कुठला कारागीर कधी जाणार, हे मी ठरवायचो. आता ते एक यंत्र ठरवतं, आणि त्याला चहाही लागत नाही. (आमच्या स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट कित्येक दिवस बंद आहे, पण ती दुसऱ्या कंपनीची! कृपया मला बोल लावू नये.)

"पगाराचं पुढे बघू," बायको म्हणाली. ती दातांच्या दवाखान्यात अर्धा दिवस पेशंटांना नंबर देते, त्यामुळे दुखऱ्या जागी नेमकं बोट कसं ठेवायचं हे तिला पक्कं ठाऊक आहे. "आपला सगळ्यांचा आरोग्यविमा तुझ्या ऑफिसचा होता ना? त्याचं काय?"

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. विमा ऑफिसचा होता, आणि ऑफिस माझं उरलं नव्हतं. महिना संपला की आम्ही चौघंही उघड्यावर! त्यात टिटवीचे टॉन्सिल हवा बदलली की फुगणार, आणि सासूबाईंची सत्तरी उलटलेली. सासरे गेल्यापासून त्या आमच्याकडेच असतात.

"विमा? अगं, तोच तर योजनेचा पहिला भाग आहे!" मी म्हणालो आणि घाईघाईने हात धुवायला गेलो.

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या एजंटांना चहाला बोलावलं. हे गृहस्थ स्वभावाने लोण्यासारखे मऊ, पण बोलणं मात्र सगळं अपघाताचं. "समजा, उद्या तुम्ही जिन्यावरून गडगडत खाली गेलात," त्यांनी गोड हसून सुरुवात केली, "आणि दोन्ही पाय मोडले!"

"चहा घ्या ना," मी म्हणालो.

"घेतो. आणि समजा, त्याच वेळी वहिनींचं अपेंडिक्स फुटलं..."

बायकोने साखर जरा जोरातच ढवळली. शेवटी, आमची पुरेशी हाडं मोडून झाल्यावर एजंट मुद्द्यावर आले. "तुमचं तिघांचं जमून जाईल हो. पण आजींना धरलं की हप्ता थेट दुप्पट! वयाचा प्रश्न आहे. त्यांना वगळलंत तर आत्ता सही, आत्ता काम."

"आईंना वगळून कसला आलाय कुटुंबाचा विमा?" मी टेबलावर हात आपटला. "झाला तर चौघांचा, नाहीतर कुणाचाच नाही!"

बोलून तर गेलो, पण खिशाला विचारलं नव्हतं. एजंटांनी दाढी खाजवली. "मग एकच वाट आहे. कंपनीच्या डॉक्टर घरी येऊन आजींना तपासतील. ठणठणीत निघाल्या तर मी हप्ता खाली आणायला भांडतो. काही निघालं, तर कंपनी त्यांना घेणारच नाही. सुंठीवाचून खोकला गेला!"

स्वयंपाकघरात सासूबाई भांडी घासत होत्या, तो आवाज तेवढ्यात थांबला होता. त्याकडे मी काडीचं लक्ष दिलं नाही. पुढे सगळं अंगाशी आलं ते त्यामुळेच!

खरं सांगायचं तर मला तपासणीची भीती नव्हतीच. आमच्या सासूबाई म्हणजे पोलादी बाई! इमारतीत कुणाची बरणी उघडेनाशी झाली की ती आमच्या दारात येते. भरलेली गॅसची टाकी त्या एका हाताने सरकवतात आणि दुसऱ्या हाताने टिटवीची वेणी घालतात. तरीही, नियोजनात हयगय नको म्हणून मी त्यांचं वेळापत्रक लावलं. सकाळी प्राणायाम, दुपारी फळं, संध्याकाळी चालणं. "आई, डॉक्टरांसमोर ताठ बसायचं. विचारलं की म्हणायचं, मला काहीही होत नाही!"

"बरं जावईबापू," त्या म्हणाल्या. एवढ्या मुकाट्याने त्यांनी आजवर कधी काही मानलं नव्हतं. तिथे तरी मला शंका यायला हवी होती की नाही?

उलट मी खूश! कारण त्या रोज टिटवीला घेऊन जिना उतरायच्या आणि सगळ्या मजल्यांवर थांबत थांबत चांगल्या तासाभराने वर यायच्या. "पाय मोकळे करून आले," म्हणायच्या. मी बायकोला कोपराने ढोसून म्हणायचो, "बघ, नियोजन म्हणतात ते याला!"

तपासणीचा दिवस उजाडला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. चार मजले चढून आल्यामुळे आधी त्यांनाच पाणी द्यावं लागलं. "आजी कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"आत्ता येतील बघा, धावत!" मी अभिमानाने म्हणालो.

आतून कण्हण्याचा आवाज आला.

आतलं दार उघडलं. ऐन उन्हाळ्यात अंगावर शाल, डोक्याला घट्ट फडकं आणि काठी म्हणून माझी छत्री टेकत सासूबाई पाऊल पाऊल पुढे येत होत्या. खुर्चीपर्यंत पोचायला त्यांना इतका वेळ लागला की डॉक्टरीणबाईंनी खुर्चीच त्यांच्याकडे नेली.

"काय होतंय, आजी?"

"काय होत नाही ते विचार, बाळ!" सासूबाई बारीक आवाजात म्हणाल्या. "गुडघे तर उठूच देत नाहीत. डोकं गरगरतं. छातीत जळजळतं. कानात शिट्टी वाजते, ती वेगळीच."

"आई!" बायको ओरडली. "सकाळी सोफा उचलून तू खालचा केर काढलास की!"

"तेव्हापासूनच तर जास्त आहे," सासूबाई कण्हल्या.

 वेळापत्रक, हप्ता, एजंट सगळं माझ्या डोक्यातून साफ पुसलं गेलं. ही बाई इतकी दुखणी अंगावर काढत होती आणि आपण तिला प्राणायाम करायला लावत होतो! टाक्या उचलायला लावत होतो! माझे डोळे भरून आले. "तुला आईंचं काही वाटतच नाही!" मी बायकोवर खेकसलो.  मग मी डॉक्टरीणबाईंकडे वळलो. "विमा गेला खड्ड्यात! तुमचे कागद ठेवा बाजूला! आधी आईंना नीट बघा. हॉस्पिटलला न्यायचं असेल तर मी खाली घेऊन जातो. पाठीवर घेऊन जातो!"

"जावईबापू, अहो..." सासूबाईंचा आवाज एकदम नेहमीसारखा झाला. मग त्यांनी तो पुन्हा बारीक केला. "तुम्ही नका घाबरू."

डॉक्टरीणबाई शांतपणे नाडी बघत होत्या. दंडाला पट्टा बांधून त्यांनी रक्तदाब मोजला. एकदा मोजला, पुन्हा मोजला, आणि भुवया वर केल्या. "आणखी काही त्रास?"

सासूबाईंनी क्षणभर छताकडे पाहिलं. पाठ केलेलं आठवताना टिटवी बघते ना, अगदी तसंच. "हां! रात्री सारखं लघवीला उठावं लागतं. प्रोस्टेट वाढलीय माझी."

 बायकोने कपाळाला हात लावला. डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं.

"आजी," त्या अगदी हळुवारपणे म्हणाल्या, "प्रोस्टेट फक्त पुरुषांना असते."

"अगं आजी, ती पहिल्या मजल्यावरच्या आजोबांची!" टिटवी आनंदाने किंचाळली. "गुडघे दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे, गरगरणं तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींचं, आणि कानातली शिट्टी वॉचमनची! आपण सगळ्यांना विचारत होतो ना, काय काय होतं म्हणून!"

आता उजेड पडला! रोज पाय मोकळे करायला जाणारी ही बाई मजल्यामजल्यावरून दुखणी गोळा करून आणत होती!

"लोक माझ्यापासून आजार लपवतात, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं. "ठणठणीत तब्येत लपवणारं माणूस मी पहिल्यांदाच बघतेय. कशासाठी हे?"

सासूबाईंनी डोक्याचं फडकं सोडलं आणि मांडीवर घेऊन त्याची घडी घालत बसल्या. "मला नापास करा हो," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे यांचा विमा महागतोय. नोकरी गेलीय, पोरीच्या घशाचं तसं. हे काही मला वगळायचे नाहीत, जिद्दी आहेत. म्हटलं, कंपनीनेच नाही म्हटलं तर यांच्या जिवाला लागणार नाही. मी काय, पिकलं पान! माझ्यावर कशाला खर्च?"

बायको रडू लागली. टिटवीने लगेच सूर धरला. मला रडायचं नव्हतं, मला रागवायचं होतं. पण दोन्ही एकदमच आलं.

"आई, मला कावीळ झाली होती तेव्हा महिनाभर माझ्या उशाशी कोण बसलं होतं?" मी ओरडलो. "मी किती चिडचिड करायचो! तेव्हा तुम्ही म्हणालात का, की जावई महाग पडतोय, याला वगळा म्हणून? तुम्ही विम्यात नसाल तर मला झोप लागेल का? या घरात तुमच्यावाचून पान हलत नाही, बरणी उघडत नाही! आणि म्हणे मी काय, पिकलं पान! खबरदार पुन्हा..."

खबरदारच्या पुढे काय होतं ते कुणालाच कळलं नाही, कारण माझ्याच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी मटकन खाली बसलो. डॉक्टरीणबाईंनी चपळाईने पट्टा माझ्या दंडाला बांधला. वरचा आकडा जो चढत सुटला, तो मधल्या कुठल्याच मजल्यावर थांबेना!

"आजी उत्तम आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण यांचं प्रेशर फारच वाढलंय. यांना आधी आडवं करा."

सांगायचा अवकाश, सासूबाईंनी छत्री फेकली, शाल भिरकावली, मला काखेत धरून उचललं आणि आतल्या पलंगावर नेऊन निजवलं. मधे टिटवीची सायकल होती, ती त्यांनी पायाने बाजूला केली. श्वाससुद्धा फुलला नाही बाईंचा! डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "आजींचं आता आणखी काही तपासायची गरज नाही," म्हणाल्या आणि पेन बंद केलं.

अशी सगळी वरात निघाली! ज्यांच्यासाठी एवढं वेळापत्रक लावलं, त्या पहिल्या नंबरात, आणि नियोजन करणाराच नापास. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मला गोळी सुरू केली आणि रोज चालायला सांगितलं. "एजंटांना काही सांगायची गरज आहे का?" मी चाचरत विचारलं. "एक अक्षरही खोटं लिहायचं नाही," बायको म्हणाली. "या घरात खोटं बोलायची कुणाची लायकी नाही, ते पाहिलं मी."

एजंटांनी सगळं ऐकलं आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उतरला. "मी समजा, समजा म्हणत होतो," ते खेदाने म्हणाले, "तुम्ही खरंच कशाला मनावर घेतलंत?" पण माणूस चिवट. चार दिवस ते कंपनीशी भांडले. लहानसहान दुखण्यांचा खर्च आमचा आम्ही करायचा, आणि हॉस्पिटलचं मोठं बिल आलं तर कंपनीने भरायचं, अशी एक पॉलिसी त्यांनी शोधून काढली. माझ्या प्रेशरचा भुर्दंड बसला तो बसलाच. बायकोने दवाखान्यातलं अर्ध्या दिवसाचं काम पूर्ण दिवसाचं करून घेतलं. महिना संपायच्या आत चौघांच्या पॉलिसीवर सह्या झाल्या.

त्या संध्याकाळी सासूबाई स्वतःच्या नावाचं विम्याचं कार्ड उलटसुलट करून बघत बसल्या होत्या. कार्डावर त्यांचा फोटो छान आला होता, पण चेहरा मात्र चिंतेत.

"जावईबापू, हे दरवर्षी भरायचं?"

"दरवर्षी."

"आणि वर्षभर मला काहीच झालं नाही तर? पैसे परत देतात?"

"छे! परत कुठले?"

"म्हणजे बुडाले?"

"बुडाले, आई." मी त्यांच्या शेजारी बसलो.  "आणि दरवर्षी असेच बुडू देत. पुढची वीस वर्षं बुडू देत. मी आनंदाने भरीन!"

 सासूबाईंचे डोळे भरले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग त्या लेकीकडे वाकल्या आणि हळूच, म्हणजे अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"माणूस लाखाचा आहे गं. पण कंपनीने का काढलं, ते आज कळलं मला!"