फळ्यावरचं वजन

आमच्या हडपसरच्या सोसायटीच्या फळ्यावर रोज दोन नोंदी असतात. वर, सचिव म्हणून माझी : ‘पाणी सकाळी सहा ते आठ.’ खाली, तिसऱ्या मजल्यावरच्या विमलताईंची : ‘विमल, ८९ किलो ४००.’

मी ती तीनदा पुसली. चौथ्यांदा त्यांनी माझ्या हातातलं डस्टरच काढून घेतलं.

“लोकं जिन्यात माझं वजन अंदाजानं सांगत्यात, सेक्रेटरीबाई. मी नक्की आकडा देते. चुकीची माहिती नको.”

घरच्या काट्यावर त्यांचा विश्वास नाही. रोज सकाळी चालत बाजारात जाऊन त्या कांद्याच्या काट्यावर उभ्या राहतात. पहिल्याच दिवशी कांद्याचा व्यापारी म्हणाला, “वहिनी, पावणेदोन गोण्या!”

“कांद्याच्या गोणीचं बारदान वजा करता ना? मग माझी साडी-चप्पल वजा करा!”

त्याने मुकाट्याने केली.

भात बंद, साखर बंद, लिफ्ट बंद. आठ-नऊ महिन्यांत फळ्यावरचा आकडा चौऱ्याहत्तरवर आला. पूर्वी सभेला दाराशी उभ्या राहणाऱ्या विमलताई पहिल्या रांगेत बसून टाकी धुतल्याची तारीख विचारू लागल्या.

“बारीक झाल्यापासून फार बोलता हो!” खजिनदार म्हणाले.

“बोलायचं आधीपासनंच होतं. आता दम लागत न्हाय.”

श्रावणात सोसायटीतल्या नव्या सुनेची मंगळागौर होती. कामांच्या याद्या माझ्याकडे. दरवर्षी मी लिहायचे : ‘वाटली डाळ – विमलताई.’ यंदा त्यांचं नाव फुगडीच्या यादीत घातलं आणि त्या रात्री खेळ सुरू होताना मोठ्या कौतुकाने दाखवलं.

त्यांनी यादी वाचली. “एकोणनव्वद किलोला ही यादी कुठं होती?”

मी यादी परत घ्यायला हात पुढे केला.

“तेव्हा बी मला फुगडी येत होती,” त्या म्हणाल्या. पदर खोचला. दोघीतिघींनी हात पुढे केले, ते त्यांनी बाजूला सारले. “न्हाय. आधी सेक्रेटरीबाई.”

मी गेली दहा वर्षं फक्त याद्या केल्यात, फुगडी नाही. पण त्यांनी माझी मनगटं धरली आणि अशी गरगर फिरवली की चष्मा उडाला. बायका ओरडत होत्या. थांबलो तेव्हा मीच धापा टाकत होते.

त्यांनी हात सोडले नाहीत.

“माझ्या मंगळागौरीला कुणी हातच दिला न्हवता,” त्या हळूच म्हणाल्या. “नवी नवरी, अन् रात्रभर भिंतीला टेकून टाळ्या वाजवल्या.”

मी काही बोलणार, तोच त्यांनी पकड घट्ट केली.

“श्वास घेतला? चला, आणखी एक.”