बिटाचा गुलाल

राधाकिशन गुरुजी मागच्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले आणि घरामागच्या तीन गुंठ्यांत त्यांनी नवी शाळा भरवली. गाजरं, मुळे, बीट, सगळी पोरं रांगेत. पहिलं पीक निघालं तेव्हा पायरीवर बसून ते बायकोला म्हणाले, भाजी कुणीही पिकवतं, धुऊन टिकवायला डोकं लागतं.

सुनिताबाईंचं म्हणणं सरळ होतं. बिटाला पाणी लावायचं नाही, माती नुसती झटकायची, दोन बोटं देठ ठेवून पाला कापायचा आणि ओलसर वाळूत अंधारात ठेवायचं. महिनाभर बघायला नको. तपासणीला आलेल्या साहेबाचं ऐकावं तसं गुरुजींनी ते ऐकलं, म्हणजे मान हलवली आणि सोडून दिलं.

बाई कापूस वेचायला रानात गेल्या आणि गुरुजींनी गाजरं कपड्यांच्या मशिनीत टाकली. गाजरं झकास निघाली, लग्नाला निघाल्यासारखी. मुळेही निघाले. मग त्यांनी बिटाचा पाला अगदी बुडापासून छाटला, पाटीभर बीट आत ओतले आणि पेपर उघडला. मशीन अशी वाजायला लागली, जणू आत कुणी नारळ फोडतंय. झाकण उघडलं तर निम्मे बीट सोललेले आणि पाणी बोकड कापल्यासारखं लालभडक. गुरुजींनी पाणी सोडून दिलं, दिसेल तेवढं पुसलं आणि बीट पिशव्यांत गच्च बांधून फ्रिजमध्ये कोंबले. मशिनीच्या तळाच्या फिरत्या चकतीखाली बिटाचे चार तुकडे अडकले होते. ते वाकून बघायचं वय गुरुजींचं राहिलं नव्हतं.

संध्याकाळी शेजारच्या घरातून वनमालावहिनी आल्या. त्यांचे मालक अर्जुनराव, म्हणजे गुरुजींचे थोरले भाऊ, सरपंचपदाला उभे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत पाटोद्याच्या तहसीलला अर्ज मागे घ्यायची शेवटची मुदत होती आणि चिन्हंही मिळायची होती. वहिनींची मशीन बिघडलेली. पांढऱ्या कपड्यांचे तिन्ही जोड त्यांनी गुरुजींच्या मशिनीत टाकले, पावडर टाकली आणि रातभर भिजू द्या म्हणून गेल्या.

सकाळी तिन्ही जोड गुलाबी निघाले.

अर्जुनराव बनियनवर येऊन कपड्यांकडं बघत राहिले. गुरुजींनी बीट रक्तवाढीला चांगला असतो अशी माहिती दिली, तिचा उपयोग झाला नाही. गुरुजींचा सदरा चढवून बघितला, तो पोटावर थांबला. बनियनवर तहसीलला जाता येईना. शेवटी ओला गुलाबी जोडच अंगात घालून अर्जुनराव गुरुजींच्या मोटारसायकलवर मागं बसले.

फाट्यावर बिभीषण उभा होता. हा अर्जुनरावांचा खंदा कार्यकर्ता. नेता नखशिखांत गुलाबी दिसल्यावर त्यानं कारण विचारलं नाही, थेट गावात फोन लावला: "समोरच्यानं माघार घेतली. आपण बिनविरोध!" हे दोघं पाटोद्याला पोचायच्या आत गावात फटाके वाजून गेले.

समोरचा म्हणजे आदिनाथ, विरोधातला एकमेव उमेदवार. तो तहसीलच्या आवारात लिंबाखाली निवांत चहा पीत होता, कारण त्यानं माघार वगैरे काही घेतली नव्हती. तेवढ्यात त्याचीच माणसं दोन जीप भरून आली आणि त्याला घेरून उभी राहिली. आम्हाला न विचारता माघार घेतलीच कशी, याचा जाब मागू लागली. आदिनाथनं आईची शपथ घेतली. कुणी ऐकेना.

"समोर गुलाल दिसतोय अन् तू न्हाई म्हणतो व्हय बे?" एकजण म्हणाला.

सगळ्यांनी अर्जुनरावांकडं बघितलं. अर्जुनराव बिटाचं सांगायलाच तोंड उघडत होते. पण वीस वर्षं राजकारणात काढलेला माणूस. त्यांनी तोंड मिटलं आणि हात जोडले.

अडीचपर्यंत आदिनाथनं समजावून बघितलं. मग कप खाली ठेवून तो उठला.

"माझ्याच माणसांचा माझ्यावर इस्वास न्हाई, तर लढू कावून?" असं म्हणून तो आत गेला आणि खरोखर अर्ज मागं घेऊन आला.

त्या संध्याकाळी अर्जुनरावांचं पारावर भाषण झालं. हा जनतेच्या विश्वासाचा विजय होता म्हणे. गुरुजी पहिल्या रांगेत शेवटपर्यंत बसले, पण भाषणात बीट आला नाही. फ्रिजमधले सोललेले बीट तिसऱ्या दिवशी बुळबुळीत झाले. सुनिताबाईंनी ते उकिरड्यावर टाकले आणि ओलसर वाळूची पाटी गुरुजींच्या पायाशी आणून ठेवली. ती पाटी गुरुजींना फार लागली.

आठवड्यात बिटाची गोष्ट गावभर झाली आणि एका सकाळीच दारात आदिनाथ उभा. भांडायला आला असेल म्हणून गुरुजी दोन पावलं मागं सरले. आदिनाथनं इकडंतिकडं बघून पिशवीतून दोन पांढरे सदरे काढले.

"गुरुजी, दूध सोसायटीला अध्यक्षपदाचा फॉर्म भरलाय. एवढे टाका तुमच्या मशिनीत."

गुरुजींना खरंच वाईट वाटलं. म्हणाले, "बीट संपले हो. गाजरं हायत थोडी."

आदिनाथनं जरा विचार केला.

"त्यानं उपाध्यक्ष तरी होता येतं का?"