काळी विकून माळ घेणारे दाजी

आमच्या दाजींना सगळी परभणी पाठीमागून ओळखायची. पावसाळा लागला की कमरेपासून मानेपर्यंत त्यांच्या सदऱ्यावर चिखलाचा एक सरळ पट्टा उमटायचा, तो थेट दिवाळीपर्यंत टिकायचा. सायकलचं मागचं चाक तो उडवायचं, कारण सायकलला मडगार्ड नव्हतं. दाजींनी स्वतः पाना घेऊन ते काढलं आणि मोंढ्यातल्या भंगारवाल्याला फुकट देऊन टाकलं. लग्न असो, बारसं असो, शाळेत साहेबाची तपासणी असो, पट्टा सोबत. जावई आला की लोकांच्या घरी सतरंजी अंथरतात. आमची माय खुर्चीच्या पाठीवर युरियाचं धुतलेलं पोतं टाकायची. दाजींना त्यात काही वावगं वाटत नसे. एखाद्या दिवशी पोतं दिसलं नाही तर तेच विचारायचे, "मामी, पोतं वाळत घातलंय का?"

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, नवरे. पेशानं मास्तर, विषय गणित. उंची एवढी की आमच्या घरात शिरताना प्रत्येक वेळी चौकटीला कपाळ आपटायचे आणि प्रत्येक वेळी चौकटीकडं नव्यानं बघायचे.

मडगार्ड कामून काढलं, हे परभणीबाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागेल. आमच्याकडची जमीन काळी, कापसाला एक नंबर. पण पाऊस झाला की तीच माती चाक आणि मडगार्डच्या मधे अशी गच्च बसते की चाक जागचं हलत नाही. मग काडीनं माती कोरा, थोडं पुढं जा, पुन्हा कोरा, आणि शेवटी सायकल खांद्यावर घेऊन घर गाठा. पावसाळ्यात आमच्या खेड्यांत माणूस सायकलवर बसत नाही, सायकल माणसावर बसते. पिढ्यान् पिढ्या लोकांनी हे मुकाट्यानं चालवून घेतलं होतं. दाजींना मात्र तो स्वतःचा अपमान वाटला. "सायकल मी घेतली का सायकलीनं मला घेतलंय?" असं ते दिसेल त्याला विचारायचे. दिसेल तो आधी पट्टा बघायचा आणि मग गप्प बसायचा.

मडगार्डनंतर साखळीचं कव्हर गेलं. मग घंटी, स्टँड, कॅरिअर. वेल्डिंगवाल्याला पिडून पिडून हँडल सरळ करून घेतलं. चढाला हलकं जावं म्हणून मागं मोठं दात्यांचं चक्कर बसवलं आणि कुठून तरी जाड नक्षीचे टायर पैदा केले. उरलेलं जे काही होतं त्याला दाजी सायकल म्हणायचे. हल्ली पुण्या-मुंबईची पोरं डोंगरात चालवायला असलीच सायकल वाट्टेल तेवढे पैसे मोजून घेतात आणि तिच्यासोबत फोटो काढतात. तेव्हा आमच्याकडं अशा माणसाला येडं म्हणायची पद्धत होती, आणि आम्ही ती मनापासून पाळली.

इथवर ठीक होतं. एकेकाला नाद असतो. कुणी पत्ते खेळतं, कुणी भजनाला जातं. पण एका उन्हाळ्यात दाजींनी पिंगळीची वडिलोपार्जित काळी जमीन विकली. रेल्वे स्टेशनच्या जवळ, गुडघाभर खोल काळी. आणि त्या पैशात जिंतूरकडं चारठाण्याच्या पुढं डोंगराच्या अंगाला एक माळ घेतला. नुसता मुरूम. कुसळं सोडली तर काही उगवत नव्हतं. मायनं कारण विचारलं तर जावईबापू म्हणाले, "पाऊस पडला तरी तिथं चाक फिरतंय, मामी." माय त्या दिवशी जेवली नाही. जावयाला काही बोलता येत नाही म्हणून तिनं रात्री मलाच फैलावर घेतलं.

मग त्यांनी बदली मागितली, तीही उलटी. जिंतूर भागातले मास्तर परभणीला येण्यासाठी देव पाण्यात बुडवून बसलेले, आणि हे परभणीतून तिकडं जायला निघाले. ऑफिसात कुणी म्हणालं, काहीतरी लफडं असणार. कुणी म्हणालं, घरात पटत नसेल. दाजी सगळ्यांना सांगत सुटले की तिकडं घसारतीची, उताराची, वाट लय झकास आहे.

चारठाण्याच्या लोकांनी मात्र वेगळाच अर्थ काढला. गावात जुनी देवळं. त्यामुळं जुन्या देवळांच्या गावात जे जे बोलतात ते सगळं तिथं बोलत. परभणीचा शिकलेला माणूस काळी विकून माळ घेतो म्हणजे त्याला गुप्तधनाचा पत्ता लागला असणार, हे चहाच्या हॉटेलात पक्कं झालं. दाजी शाळेत गेले की मागं माळावर खणाखणी सुरू. संध्याकाळी येऊन बघावं तर नवा खड्डा. दुसऱ्या कुणी पोलिसांत धाव घेतली असती. दाजींनी प्रत्येक खड्ड्यात सीताफळाचं रोप लावलं आणि हॉटेलात जाऊन निरोप ठेवला, पुढचे खड्डे जरा ओळीत घ्या म्हणून. तेव्हापासून खणणं बंद झालं. दाजींना त्याची हळहळ वाटली, कारण रोपं शिल्लक होती.

माळावर त्यांनी दोन खोल्या बांधल्या, दगडाच्या भिंती आणि वर पत्रे. घराला खिडकी बसायच्या आधी त्यांनी डोंगराला वळसा घालून सायकलची वाट फोडली. सुट्टीच्या दिवशी पहार घेऊन दगड उलथायचे आणि मग वरून खाली भन्नाट उतरायचे. वाटेतल्या जागांना नावं दिली होती. सगळ्यात उभा, छातीत कळ आणणारा चढ म्हणजे 'मामीचा चढ'. आणि एका वळणावर पाय आपोआप घसरून माणूस बाजूला पडायचा, त्याला माझं नाव. मी विचारलं, असं का, तर म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. तिथं कुणाचाच पाय टिकत न्हाई." 

मंदा आणि शालू, त्यांच्या दोन पोरी, वर्षाच्या आत त्या वाटेवर बापासारख्या सायकल हाणू लागल्या. फ्रॉकातल्या पोरी दोन वेण्या उडवत डोंगरावरून येतात हे बघायला हॉटेलातली माणसं कप हातात घेऊन बाहेर यायची. सोयऱ्याधायऱ्यांत चर्चा झाली की या पोरींना करून कोण घेणार. दाजी म्हणाले, ज्याला चढ चढता येईल तो घेईल.

सगळं कुटुंब असं पायडलवर होतं. आक्का तेवढी पायी होती.

पाणी माळाच्या खाली, सडकेच्या कडेला हापशावर. घर वर. कुठल्याही अंतराला दाजींचं एकच माप होतं, "हे काय, दोन पायडलं." शाळा दोन पायडलं, बाजार दोन पायडलं, जिंतूर जरा जास्त पायडलं. हापसाही दोन पायडलंच. आक्का डोक्यावर घागर घेऊन ती दोन पायडलं सकाळ-संध्याकाळ चढायची. परभणीत आमच्या अंगणात नळ होता. आक्कानं लग्नाआधी कधी घागर डोक्यावर घेतलेली मला आठवत नाही. आणि हा माणूस घरी आला की तांब्याभर पाणी पिऊन म्हणायचा, "काय गोड पाणी हाय इथलं." मला तर ऐकूनच राग यायचा.

एका दिवाळीला आक्का पोरींना त्यांच्या सायकलींसकट घेऊन भाऊबीजेला आली आणि परत गेलीच नाही. मायनं खोदून खोदून विचारलं. आक्का एवढंच म्हणाली, "मी काही रुसून आले न्हाई. माझी मान दुखायलीय." मायनं तिच्या मानेला तेल चोळलं आणि चोळता चोळता जावयाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पोरींची नावं जवळच्या शाळेत घातली. शालू रोज विचारायची, आपण माळावर कधी जायचं. आता एक तर आक्कानं परत चढायचं, नाही तर दाजींनी माळ फुंकून परभणीला यायचं. तिसरं काही दिसत नव्हतं.

पहिल्या रविवारी दाजी आले. चारठाण्याहून सायकलवर. ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. आज इकडं बंद, उद्या तिकडं बंद, एसटी डेपोच्या बाहेर निघायची खात्री नाही, रस्त्यात टायर जळत असायचे. दाजी शेतातल्या पायवाटांनी आले. आम्हाला वाटलं, आता हात जोडतील. त्यांनी चहा घेतला, पोरींच्या सायकलींचे ब्रेक आवळून दिले, आक्काला विचारलं, "मान कशी हाय?" ती म्हणाली, "हाय." मग निघून गेले. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी तेच. एवढं रान तुडवत यायचं आणि 'चल' एवढा एक शब्द तोंडातून काढायचा नाही. माय म्हणाली, हा माणूस बायकोला भेटायला येतोय का ब्रेकला? मला तरी कुठं कळत होतं.

शेवटी मायनं मला पाठवलं. जा आणि सांग, माळ विक, बदली करून घे, नाही तर पोरगी आमची आमच्याकडंच राहील. मी एसटीत पाठ केलं, कुठल्या शब्दावर आवाज चढवायचा तेही ठरवलं.

हापशाजवळ उतरलो. तिथल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांच्या नजरेच्या दिशेनं वर बघितलं, तर आमचे दाजी माळ चढत होते. पायी. डोक्यावर दस्ती-रुमालाची चुंबळ, चुंबळीवर तांब्याची घागर, दोन्ही हात वर. एवढा उंच माणूस, वर ती घागर. लांबून बुजगावणं चालल्यासारखं दिसत होतं. एक म्हातारी म्हणाली, "मास्तर रोज येतेत. उचलून आमी देतो. वर कोण उतरून घेतंय कुणाला ठावं." मी त्यांच्या मागं निघालो. निम्म्यात मला दम लागला. हातात पिशवीसुद्धा नव्हती.

मी पोचलो तेव्हा दाजी दाराशी उभे होते. दाराच्या बाजूला दगडांचा एक कोरा ओटा रचला होता, रुंदीला घागरीपुरता, उंचीला थेट त्यांच्या खांद्याइतका. ते त्याला चिकटून उभे राहिले, मान तिरकी केली आणि घागर अलगद त्यावर सरकवली. मग मला बघितलं. मी विचारलं, हे काय नवीन काढलं.

"घागर उतरवायला," ते म्हणाले. "डोक्यावरची भरली घागर एकट्याला उतरवता येत न्हाई. निम्मी अंगावर सांडते. आधीचे आठ दिवस मी भिजूनच शाळेत गेलो."

सायकलवर का नाही आणत, मी विचारलं. म्हणाले, करून बघितलं. घरी येईपर्यंत चूळ भरण्याइतकं उरतं.

पाठ केलेलं भाषण मी करून टाकलं. दाजींनी ते सगळं ऐकून घेतलं. मी म्हणालो, अहो, इतके रविवार येता, तर तिला एकदा 'चल' म्हणायला काय होतं? ते ओट्याच्या दगडांच्या फटींत बारीक चिपा बसवू लागले.

"लग्नात 'चल' म्हणालो, ती आली. परभणी सोडताना 'चल' म्हणालो, आली. दोन्ही वेळेला पुढं काय हाय ते तिला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. इतकी वर्षं ती घागर कशी उतरवायची हो? मी कधी बघितलंच न्हाई. मी वर असायचो, वळणावर. आता कोणत्या तोंडानं 'चल' म्हणू?"

माळ विकायचं काय, ते विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. घरात गेलो तर खुंटीला आक्काचं लुगडं जसंच्या तसं होतं आणि पोरींच्या अंथरुणाच्या घड्या ओळीनं मांडलेल्या. रात्री त्यांनी भाकरी थापल्या. वाईट होत्या.

दुसऱ्या दिवशी परभणीला आलो. आक्का दारात मेथी निवडत बसली होती, माय शेजारी. मी घागरीचं सांगितलं. मायला हसू आवरेना. बाया हसतात म्हटल्यावर तर तिला फारच बरं वाटलं. मग ओट्याचं सांगितलं. आक्कानं विचारलं, "किती उंच हाय?"

मी उभा राहून माझ्या कपाळाला हात लावून दाखवला.

"बघ," माय म्हणाली. "आपल्या मापाचा बांधला. तुला तिथं घागर टेकवायची तर शिडी लागंल. एवढी वर्षं झाली, बायको केवढी हाय ते माहीत न्हाई."

आक्का मेथीची जुडी हातात तशीच धरून बसली. मला वाटलं, झालं, हा धागा पण तुटला, मी उगीच सांगितलं.

"माय," ती म्हणाली, "माझ्या मापाचा बांधला असता तर मी गेले नसते."

"का गं?"

"मग पाणी मीच भरायचं असतं ना."

मायला ते पटलं नाही. ती म्हणाली, असं काही नसतं, तू येणारच न्हाईस असं धरून त्यानं आपल्यापुरती सोय केली. आक्का म्हणाली, तसं धरलं असतं तर दर रविवारी आले असते का? खरं सांगतो, मला त्या चिखल्या माणसाचा हेवा वाटला. माझी बायको माझ्याबद्दल एवढा विचार करते की नाही, मला शंका आहे. आणि केला तर तो इतका माझ्या बाजूचा नसतो.

आक्कानं पदर झटकला, उठली.

"आज वार कोणता?"

"मंगळवार," मी म्हणालो.

"रविवारला लय दिवस हायेत," ती म्हणाली आणि फळीवरची ट्रंक खाली ओढली.