बबनतात्यांचं गॅडोलिनियम नायट्राइड

डिंगोऱ्यात पाहुणा आला की लोक आधी चहा विचारतात. आमचे शेजारी बबनतात्या गॅडोलिनियम नायट्राइड विचारतात. "पावणं, ठावं हाय का?" पाहुणा नाही म्हणाला की तात्यांचा चेहरा उजळतो.

हा काळा पदार्थ तात्यांची लेक सुनीता जर्मनीतल्या प्रयोगशाळेत बनवते. एका दुर्मिळ धातूचं आणि नायट्रोजनचं लग्न, एवढं मला समजलं. बाकीचं तात्या गोठ्याच्या भाषेत सांगतात. "लई नाजूक जनावर. ओल लागली की अमोनिया सोडतं, गोठ्यावानी वास. पन कडक थंडीत ठेवलं की लोहचुंबक व्हतं." बेल्ह्याच्या बैलबाजारात त्यांनी हे इतकं रंगवलं, की एका व्यापाऱ्याने विचारलं, "चार दाती का सहा दाती?"

सुनीताने सुट्टीत येताना चिमूटभर पूड बंद काचनळीत आणून दिली होती. परवा तात्यांनी जाहीर केलं, "रविवारी पोरीचा फोन येतो. त्याच्या आत ह्याचं चुंबक करनार." तात्यांचं ठरलं की ठरलं.

थंडी आणायची कुठून? गायी भरवणाऱ्या डॉक्टरांकडून. वळूच्या वीर्याच्या कांड्या ते द्रवरूप नायट्रोजनच्या डब्यात ठेवतात. तात्या त्यांच्या मोटारसायकलला आडवे उभे राहिले.

"तात्या, ह्ये गायींसाठी हाय, काचनळीसाठी न्हाई," डॉक्टर म्हणाले.

"मंग गायीला इचारा. ती न्हाई म्हनायची न्हाई."

रविवारी ओसरीवर पांढरा ढग उठला. तात्यांनी दोऱ्याने नळी बुडवली, वर काढली, टाचणी लावली. टाचणी पडली. पुन्हा बुडवली, पुन्हा पडली. डॉक्टर म्हणाले, "गाय असती तर एकवीस दिवसांनी, पुन्हा माजावर आल्यावर, परत आलो असतो."

तेवढ्यात फोन आला. तात्यांनी स्पीकर लावला. "तात्या, तो नायट्रोजन पुरेसा थंड नाही, ह्याला अजून थोडी थंडी लागते," म्हणत सुनीताने चुंबकाचं सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. माझा चहा निवला तरी ती सांगतच होती. सहज तात्यांकडे पाहिलं. तिचं वाक्य संपायच्या आत त्यांचे ओठ तेच शब्द पुटपुटत होते.

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "तात्या, तुम्हाला हे आधीच माहीत होतं."

"व्हतं की. बरोबर सांगितलं तर 'हां तात्या' म्हनती, जेवला का इचारती आन् फोन ठेवती. चुकलं की समजावून सांगती."

त्यांनी नळी धोतराने पुसली, जपून डब्यात ठेवली.

"राव, फुडच्या रविवारी काय चुकावं, सुचवा कायतरी."